बँडवाल्याच्या घरातला लेस्टर यंग

तापीकाठ (धागाकर्ता)

राम राम मंडळी.

हा धागा काढायचं कधीपासून मनात होतं. लगीनसराईत जमत नाही. आता शेवटची सुपारी झाली, सॅक्स पुसून पेटीत ठेवला, म्हणून सविस्तर लिहितो.

आमचं घर बँडवाल्यांचं. आजोबा क्लॅरनेट वाजवायचे. वडील, ज्यांना आम्ही आबा म्हणतो, क्लॅरनेटवरून सॅक्सोफोनवर आले. दोन काका ट्रम्पेटवर, चुलतभाऊ साईड ड्रमवर. अमळनेर, पारोळा, धरणगाव, चोपडा हा आमचा पट्टा. आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आगेमागे तर सलग पंधरा-पंधरा दिवस घरच्या खाटेला पाठ लागायची नाही. मी पाचवीत असताना माझ्या हातात खुळखुळे दिले आणि वरातीत उभं केलं. तेव्हापासून मी बँडमध्ये आहे.

अमेरिकेतला जाझ सॅक्सोफोनवाला लेस्टर यंग, हे नाव मी सहा-सात वर्षांपूर्वी पहिल्यांदा ऐकलं. टेनर सॅक्सचे धडे शोधताना एक जुनं रेकॉर्डिंग लागलं. आधी वाटलं, हा माणूस जोर का लावत नाही? आमच्याकडे सॅक्सवाल्याची किंमत तो चौकापासून मांडवापर्यंत ऐकू येतो की नाही यावर ठरते. हा मात्र ओट्यावर बसून शेजाऱ्याशी बोलावं तसा वाजवत होता. मी ते रेकॉर्डिंग पुन्हा लावलं, मग पुन्हा. मग त्याच्याबद्दल मिळेल ते वाचायला लागलो आणि वाचता वाचता उठून बसलो, कारण हा तर आमच्यासारखाच बँडवाल्याचा पोरगा निघाला.

जन्म २७ ऑगस्ट १९०९, अमेरिकेच्या मिसिसिपी राज्यात वुडविल गावी. लहानपण न्यू ऑर्लिन्सच्या अल्जियर्स भागात, म्हणजे मिसिसिपी नदीच्या पलीकडच्या काठाला. वडील विलिस हँडी यंग संगीत शिकवायचे आणि बँड चालवायचे. त्यांनी आपल्याच पोरांना हाताशी धरलं. लेस्टर थोरला, मग बहीण इर्मा, मग धाकटा ली. जत्रा, तंबूचे खेळ, गावोगावची फिरस्ती, असा तो घरचा बँड. पुढे कुटुंब उत्तरेला मिनियापोलिसला गेलं तरी फिरणं सुटलं नाही. धाकटा ली नंतर नावाजलेला ड्रमर झाला, गायक नॅट किंग कोलबरोबर वाजवायचा.

लेस्टरच्या वाट्याला आधी ड्रम आला. तो त्याने का सोडला हे त्याने स्वतःच सांगितलं आहे. कार्यक्रम संपल्यावर बाकीचे वाद्य उचलून मोकळे व्हायचे आणि हा बिचारा ड्रम आवरत बसायचा. तोवर ऐकायला आलेल्या मुली निघून गेलेल्या असायच्या. आमचा चुलतभाऊ हे ऐकून म्हणाला, दादा, हे तर माझंच आहे.

मग हातात आल्टो सॅक्स आला, टेनरपेक्षा लहान. इथून पुढची गोष्ट मला सगळ्यात जवळची वाटते. लेस्टरचा कान इतका तयार की इर्मा आणि बाकीचे कागद बघून वाजवायचे ते हा नुसतं ऐकून उचलायचा. समोर कागद, पण वाचता एक अक्षर येत नव्हतं. वडील कडक. त्यांना संशय आला. एक दिवस एकेकाला आपापला भाग वेगळा वाजवायला लावला. लेस्टरची पाळी आली आणि सगळं उघडं पडलं. वडिलांनी त्याला बँडमधून बाहेर काढलं, वाचायला शिकशील तेव्हाच परत ये म्हणून. तो रडला, बाहेर गेला, वाचायला शिकला आणि परत आला.

हे वाचून मला आजोबांची वही आठवली. आमच्या बँडात लिहिलेलं वाचता येणारे ते एकटे. लाल पुठ्ठ्याची वही, त्यात देवनागरीत सरगम, मंद्रातल्या सुराला खाली टिंब आणि तारेतल्या सुराला वर टिंब. बाकी सगळे कानसुरावर. नवं गाणं आलं की आबा टेपरेकॉर्डरवर कॅसेट मागेपुढे करत बसायचे आणि दोन तासांत अख्खा बँड तयार व्हायचा. आजोबा गेल्यावर ती वही कुणालाच नीट वाचता येईना. मुखडे कळायचे, पण मधले तुकडे काय आहेत ते लागेना. आजही लागत नाहीत.

१९२७ च्या सुमारास वडिलांनी दक्षिणेच्या दौऱ्यावर जायचं ठरवलं. काळ्या माणसाला तिकडे कसं वागवलं जायचं हे लेस्टरला चांगलं माहीत होतं. तो म्हणाला, मी येणार नाही. अठरा वर्षांचा पोरगा, घरचा बँड सोडून बाहेर पडला. आर्ट ब्रॉन्सन नावाच्या बँडवाल्याकडे लागला. तिथला टेनरवाला दरवेळी नटण्यात उशीर करायचा. लेस्टर वैतागून मालकाला म्हणाला, मला एक टेनर घेऊन द्या, मी वाजवतो. असा तो टेनरवर आला.

त्या काळात टेनर म्हणजे कोलमन हॉकिन्स. भरदार, जाड, कंप असलेला आवाज. १९३४ मध्ये हॉकिन्स युरोपला गेला तेव्हा फ्लेचर हेंडरसनच्या नामांकित बँडात त्याच्या जागी लेस्टरला बोलावलं. तेव्हा लेस्टर काउंट बेसी या बँडवाल्याबरोबर होता. ते सोडून न्यूयॉर्कला गेला. पण बँडातल्या लोकांना त्याचा आवाज पटेना. हेंडरसनची बायको रोज सकाळी उठवून त्याला हॉकिन्सच्या तबकड्या ऐकवायची, असं वाजव म्हणून. याने ऐकून घेतलं. वाजवलं मात्र आपलंच. थोड्या महिन्यांत तो निघाला, आणि निघताना हेंडरसनकडून चिठ्ठी लिहून मागितली की याला काढलेलं नाही.

त्या चिठ्ठीपाशी मी फार वेळ थांबलो होतो. २४ वर्षांचा माणूस, जगातल्या सगळ्यात मोठ्या बँडात नापसंत झालेला, आणि तरी आवाज बदलायचा नाही हे पक्कं.

१९३६ ला परत बेसीकडे. त्याच वर्षी पहिलं रेकॉर्डिंग, वय २७. त्या पहिल्याच तुकड्यांमध्ये सगळं आहे. कंप जवळजवळ नाही. ठेक्याच्या किंचित मागे रेलून चालणं. एकच सूर दोन वेगळ्या बोटांनी काढून त्याचा रंग बदलणं. ज्यांच्याकडे टेनर आहे त्यांनी करून बघा. मधला बी-फ्लॅट नेहमीच्या बोटांनी काढा. मग सगळी बोटं दाबून, तळाच्या बी-फ्लॅटची पकड ठेवून, फुंक जरा आवळून तोच मधला सूर काढा. सूर एकच, पण पहिला मोकळा आणि दुसरा दाबलेला, घोगरा. लेस्टर हे दोन्ही आलटून पालटून लावायचा, अगदी कुणी आधी मोठ्याने आणि मग कानात तेच सांगावं तसं.

जानेवारी १९३७ पासून गायिका बिली हॉलिडेबरोबरची रेकॉर्डिंगं. तिने त्याला प्रेसिडेंट म्हटलं, त्याचं 'प्रेझ' झालं. त्याने तिला 'लेडी डे' म्हटलं. दोन्ही नावं जन्मभर चिकटली.

एका संध्याकाळी लाइट गेले होते. आबा ओट्यावर बसलेले. मी मोबाइलवर बिलीचं एक गाणं लावलं, काही न सांगता. आबांना इंग्रजी येत नाही. डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, "हाऊ बाईना मांगे मांगे चाली राहिना. पुढे जात नही." तिचा शब्द संपला की हा त्याच्या शेपटाला धरून एक ओळ म्हणतो आणि ती परत सुरू करायच्या आत गप्प होतो, हे त्यांनी एका फेरीत पकडलं.

लेस्टर म्हणायचा की गाणं वाजवायचं तर त्याचे शब्द माहीत पाहिजेत. आबा मला पहिल्या दिवसापासून हेच सांगत आले. "शब्द वाजाड, नुसता सूर नको वाजाडू." वरातीत गाणारा नसतो, सॅक्सच गातो. लोकांना ओळ कळली पाहिजे, श्वास शब्दाच्या मधोमध तुटला नाही पाहिजे. मी गाणं पाठ नसताना वाजवलं की आबा लांबूनच ओळखतात.

पुढचं आयुष्य कष्टाचं आहे. १९४४ मध्ये त्याला सैन्यात भरती केलं. नशेची द्रव्यं सापडली म्हणून १९४५ मध्ये लष्करी खटला आणि जॉर्जियातल्या फोर्ट गॉर्डनच्या बंदीखान्यात वर्षभराची शिक्षा. ज्या दक्षिणेत वाजवायला जायचं नाही म्हणून घर सोडलं, तिथेच कैदी म्हणून राहावं लागलं. सुटल्यावर त्याची फुंक मोडली ती मोडलीच. दारू वाढली. १५ मार्च १९५९ ला न्यूयॉर्कच्या एका हॉटेलच्या खोलीत गेला, पन्नाशीही गाठली नाही. बिली त्याच वर्षी १७ जुलैला गेली.

हे सगळं लिहिण्याचं कारण असं की आमच्या भागात बँडच्या घरातली पोरं वाद्य सोडत चालली आहेत. डीजे आल्यापासून सुपाऱ्या कमी झाल्या हे आहेच. त्याहून जास्त लागतं ते हे, की पोरांना बँडवाल्याचा मुलगा म्हणवून घ्यायची लाज वाटते. त्यांना हा माणूस माहीत असावा असं मनापासून वाटतं.

---

भुसावळकर

दादा, लेख दोनदा वाचला. आमच्या भुसावळला रेल्वेचा मोठा पसारा. वडील वर्कशॉपात होते. कॉलनीतल्या अँग्लो इंडियन लोकांचे नाताळातले नाच ते तारेच्या कुंपणाबाहेर उभं राहून ऐकायचे. पियानो, ड्रम आणि "ती वाकडी पिपाणी". वाकडी पिपाणी म्हणजे सॅक्सोफोन हे मला फार उशिरा कळलं.

मुंबईत हे संगीत बरंच आधी आलेलं. १९३५ ला लिऑन ॲबी आपला काळ्या वादकांचा बँड घेऊन ताजमहाल हॉटेलात आला होता. पुढे गोव्याच्या वादकांनी ते उचललं आणि तेच वादक सिनेमाच्या वाद्यवृंदात बसले. म्हणजे तुमचे आबा कॅसेटवरून जे तुकडे उतरवत होते त्यातल्या कित्येकांचं मूळ तिकडेच.

एक विचारतो. जाझमध्ये आयत्या वेळी रचतात म्हणतात, ते आपल्या उपजेसारखंच का?

---

कानसेन

@भुसावळकर, जवळचं आहे, पण चौकट वेगळी. आपल्याकडे राग आणि ताल धरून विस्तार करतात. जाझमध्ये गाण्याखालचे कॉर्ड (एकदम वाजणारे सुरांचे गट) ठरलेले असतात, ते ठरावीक मापाने फिरत राहतात आणि त्या फेऱ्यांवर वादक नवी चाल बांधतो. ब्लूज या गाण्याच्या प्रकाराची फेरी १२ बारची (बार म्हणजे ठेक्याचं एक माप), बऱ्याच गाण्यांची ३२ बारची. एक फेरी म्हणजे एक आवर्तन समजा. समेवर यायचं बंधन तिकडेही आहे, फक्त त्याला सम म्हणत नाहीत.

@तापीकाठ, धागा उत्तम, पण एका वाक्याशी असहमत आहे. "फुंक मोडली ती मोडलीच" हे बरोबर नाही. सैन्यातून सुटल्यावर १९४५ मध्येच त्याने जे रेकॉर्ड केलं त्यात एका ब्लूजला बंदीखान्याच्या आद्याक्षरांवरून नाव दिलं आहे. ते ऐका. त्यात मोडलेला माणूस दिसत नाही, ताठ उभा राहिलेला दिसतो. पुढे कार्यक्रम भरवणाऱ्या नॉर्मन ग्रँझच्या मंडळींबरोबर वर्षानुवर्षं दौरे केले. जानेवारी १९५६ मध्ये पियानोवाल्या टेडी विल्सनबरोबर वाजवलेलं तर कुठल्याही काळात उभं राहील. आवाज जड झाला, हे मान्य. १९३६ चा हलकेपणा नाही. पण वय वाढलं, सोसलं, तर आवाज तसाच का राहावा? आपल्याकडे उतारवयातल्या गवयाचा आवाज आपण प्रेमाने ऐकतो. तोच कान इथे लावा.

---

रीडवाला

बँडातल्या नव्या पोरांसाठी थोडं तांत्रिक लिहितो.

सॅक्स पितळेचा असला तरी तो फुंकवाद्यांच्या लाकडी घराण्यातला, कारण आवाज रीडमुळे, म्हणजे माऊथपीसवर बसवलेल्या वेताच्या पातळ पट्टीमुळे निघतो. ॲडॉल्फ सॅक्स या बेल्जियन कारागिराने १८४६ ला पॅरिसमध्ये पेटंट घेतलं. लष्करी बँडसाठीच बनवलं, म्हणजे रस्त्यावर वाजायलाच हे वाद्य जन्माला आलं. आपल्याकडची बरीच वाद्यं मेरठच्या जली कोठीहून येतात.

आल्टो ई-फ्लॅटचा, टेनर बी-फ्लॅटचा. हार्मोनियमवाल्यांच्या भाषेत सांगायचं तर आल्टोवर सी वाजवला की काळी दोन बोलते आणि टेनरवर सी वाजवला की काळी पाच. क्लॅरनेटही बहुतेक काळी पाचचाच. म्हणून क्लॅरनेटवरून टेनरवर येणाऱ्याला बँडात सोपं जातं. आबांचं तसंच झालं असणार.

लेस्टरच्या हलक्या आवाजामागे एक कारण आहे, ते धाग्यात आलं नाही. त्याचा आदर्श होता फ्रँकी ट्रमबावर. तो सी-मेलडी सॅक्स वाजवायचा, आल्टो आणि टेनरच्या मधलं वाद्य. लेस्टरला टेनरवर तो आवाज हवा होता.

---

शिरपूरची लेक

नमस्कार. मी इथे फक्त वाचत असते, आज पहिल्यांदा लिहिते.

माझा मुलगा अकरा वर्षांचा. शाळेच्या बँडात क्लॅरनेट वाजवतो आणि फार मन लावून वाजवतो. आमच्या घरात कुणीच वाजवणारं नाही. गल्लीतल्या बायका विचारतात, "काय वो ताई, पोऱ्याला बँडवाला करता का?" सासूबाईंनाही आवडत नाही. तो आता ऐकून ऐकून गाणी काढतो. लिहिलेलं वाचायला कंटाळा करतो. लेस्टरच्या वडिलांची गोष्ट वाचून मी विचारात पडले. वाचायला जबरदस्ती करू की कानावर सोडू? वरून आवड गेली तर काय, ही भीती आहे.

---

गिरणाथडी

ताईंना विचारणाऱ्या बायकांच्या प्रश्नामागे काय आहे ते सांगितल्याशिवाय पुढे जाऊ नये.

मी स्वतः बँडात ट्रम्पेट वाजवला, चौदा हंगाम. आमचा समाज कोणता हे लोक वाद्य बघूनच ओळखतात. ऐन वैशाखात दुपारी तीन तास वरात ओढायची, गळ्यात वाद्य, अंगात तो लाल कोट. मांडवात पोचलो की नवरदेव आत आणि आम्ही मागच्या बाजूला. एका लग्नात पंगती उठेपर्यंत आम्हाला पाणीही दिलं नाही, आणि शेवटी पत्रावळ्या मांडवाबाहेर उकिरड्याच्या कडेला मांडल्या. आमच्या मास्तरांनी त्या दिवशी कुणालाच जेवू दिलं नाही. सगळे उपाशी टेंपोत बसलो आणि चाळीसगावला येऊन शेवभाजी खाल्ली. पैसे मास्तरांनी दिले.

म्हणून लेस्टर दक्षिणेत जायला नाही म्हणाला हे वाचून माझ्या अंगावर काटा आला. तिथे जिवाची भीती होती, आमचं दुःख त्याच्याएवढं आहे असं म्हणणार नाही. पण वाद्य हवं आणि वाजवणारा नको, हे मला कुणी समजावून सांगायला नको.

---

पावरी

नंदुरबारहून. आमच्याकडे बँडच्या आधी पावरी आणि ढोल. तिथेही बापाकडून पोराकडे, वही नाही, कागद नाही. एक लांब फुंक, गालात हवा साठवून नाकाने श्वास घ्यायचा आणि आवाज तुटू द्यायचा नाही. सात-आठ वर्षांचं पोर म्हाताऱ्याच्या शेजारी बसून हे शिकतं.

लेस्टरइतकीच आपल्या देशातली दोन नावं पोरांना सांगा. मनोहारी सिंग, जन्म १९३१, कलकत्ता. ब्रास बँडच्या घरातला माणूस. १९५८ ला मुंबईत आला आणि हिंदी सिनेमातल्या सॅक्सला त्याने ओळख दिली. पुढे आर. डी. बर्मनचा सहायक, २०१० ला गेला. दुसरे कद्री गोपालनाथ. वडील नादस्वरम वाजवायचे, यांनी म्हैसूरच्या राजवाड्याच्या बँडात सॅक्स ऐकला आणि त्याच्यामागे लागले. सॅक्सच्या चाव्या मींड-गमकाला (सूर घसरवायला, हलवायला) अडतात, तर वाद्यात बदल करून घेतले आणि त्यावर कर्नाटक संगीत वाजवलं. १९९४ ला लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये बीबीसीच्या प्रॉम्स या संगीत महोत्सवात वाजवून आले. २००४ ला पद्मश्री. लेस्टर धरून तिन्ही पोरं वाजवणाऱ्या घरातली, आणि तिघांनीही घरातलं जसंच्या तसं ठेवलं नाही.

---

तापीकाठ

सगळ्यांचे आभार. इतकं मनापासून वाचलं जाईल असं वाटलं नव्हतं.

@कानसेन, तुमचं ऐकून १९५६ चं रेकॉर्डिंग तीन रात्री लावलं. माझं वाक्य मागे घेतो. मग डिसेंबर १९५७ चा तो टीव्हीवरचा कार्यक्रम परत पाहिला, ज्यात बिली ब्लूज गाते आणि भोवती सगळे मोठे वादक आहेत, हॉकिन्ससुद्धा. लेस्टरची तब्येत इतकी खालावलेली की तो बाकी वेळ बसून होता. त्याची पाळी आली तसा उठला. एकच आवर्तन, १२ बारचं. सूर मोजकेच, आणि प्रत्येक सुराच्या आधी जागा सोडलेली. कॅमेरा बिलीच्या चेहऱ्यावर आहे. ती मान हलवते, ओठांवर हसू येतं, आणि वाटतं की तो बोलतोय ते फक्त तिलाच कळतंय. मी आधी इथे थकवा ऐकला होता. आता कळलं की जास्तीचं सगळं गळून गेलंय.

@रीडवाला, ट्रमबावरचं तुम्ही भरून काढलं ते बरं केलं. आबांबद्दलचा अंदाजही बरोबर. क्लॅरनेटच्या बोटांवरून टेनरवर यायला त्यांना एक पावसाळा पुरला.

@गिरणाथडी, भाऊ, तुमच्या मास्तरांना माझा नमस्कार सांगा. आमच्याकडेही असं झालेलं आहे, आबा त्याबद्दल बोलत नाहीत. तुमचं लिहिणं त्यांना वाचून दाखवलं. बराच वेळ गप्प होते, मग एवढंच विचारलं की चाळीसगावात कुठे जेवले.

@शिरपूरची लेक, ताई, तुमच्या प्रश्नावर मी आठवडाभर विचार केला. माझं प्रामाणिक मत सांगतो. कान आधी आला आहे तो फार चांगला आला आहे, तो कुणी शिकवू शकत नाही. पण वाचायलाही शिकू द्या, नाहीतर आजोबांच्या वहीसारखं होतं. पुढे कुणी काही लिहून दिलं तर त्याला ते बंद कुलूप वाटेल. लेस्टरच्या वडिलांसारखं बाहेर मात्र काढू नका. त्याला आवडणारं एखादं गाणं तो कानाने काढेल, तेच त्याला कागदावर लिहायला लावा. स्वतःच्या तोंडून निघालेलं स्वतःच्या हाताने लिहिलं की कागदाची भीती जाते. माझ्या पुतण्याचं असंच झालं. आणि गल्लीतल्या बायकांना सांगा, हो, बँडवाला करते.

मध्यंतरी घरात जे झालं तेही सांगतो. लेस्टरची १९३९ ची एक प्रसिद्ध धून आहे, नावात त्याचंच नाव. मी ती महिनाभर बसवली. वेग जास्त, माझी बोटं अडखळतात, पण आता शेवटपर्यंत जाते. परवा दुपारी आबांसमोर वाजवली. ४३ अंश ऊन होतं. अशा उन्हात सूर चढतो हे बँडवाल्यांना ठाऊक आहे. कॅसिओचा सूर जागचा हलत नाही आणि आपला सॅक्स वर सरकतो, म्हणून माऊथपीस कॉर्कवरून जरा बाहेर ओढावं लागतं. मी घाईत तसाच सुरू झालो. आबांनी हात वर करून थांबवलं. माझ्या हातातून सॅक्स घेतला, माऊथपीस दोन दोरे बाहेर ओढलं, जी-शार्पची चावी दाबून बघितली. पॅडखाली विडीच्या पुड्याचा पातळ कागद सरकवला, चावी सोडली, कागद ओढला. कागद अलगद निघून आला, म्हणजे हवा गळत होती. मग देव्हाऱ्यातली समई आणली, तिच्या ज्योतीवर चावीची वाटी तापवून आतली लाख मऊ केली, अंगठ्याने पॅड बसवलं, थंड होईपर्यंत धरून ठेवलं. डोळ्यांना आता नीट दिसत नाही, हे सगळं बोटांनी केलं. परत कागद घातला, ओढला, कागद फाटला. तेव्हा कुठे सॅक्स माझ्या हातात दिला.

मी पूर्ण धून वाजवली. आबांनी विचारलं, "याना शब्द काय शेत?"

मी म्हटलं, याला शब्द नाहीत. नुसती धूनच आहे.

म्हणाले, "मंग तू बनाव."

तेव्हापासून रोज संध्याकाळी आम्ही दोघं ओट्यावर बसून त्या धुनेला अहिराणी शब्द बसवतो आहोत. पहिल्या दोन ओळी झाल्या आहेत, शेतातून परत येणाऱ्या बैलगाडीच्या. तिसरी अडली आहे, कारण तिथे लेस्टर एकच सूर पाच वेळा वेगवेगळ्या बोटांनी काढतो आणि आबांचं म्हणणं आहे की तिथे एकच शब्द पाच वेळा आला पाहिजे, आणि दरवेळी त्याचा अर्थ निराळा लागला पाहिजे.

---

शिरपूरची लेक

दादा, मुलगा शेजारी बसून वाचतोय. त्याने शब्द सुचवलाय. 'येस'. अहिराणीतला येस, म्हणजे येतो. बैलगाडीवाला पाच वेळा म्हणतो, येस, येस, येस, आणि घरी मात्र उशिराच पोचतो, असं तो म्हणतो. चालेल का ते आबांना विचारा.

---

तापीकाठ

ताई, विचारलं. आबा हसले आणि लगेच म्हणून बघितलं. पहिला येस मोकळा, दुसरा दाबलेला, तिसरा परत मोकळा. बसतोय. पोराला म्हणावं, एखाद्या रविवारी क्लॅरनेट घेऊन अमळनेरला ये. रीड अडीच नंबरची आणायची, तीनची आत्ता त्याला जड जाईल. आणि येताना रेघांची वही.